उतराबुवा

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते लोखंडाची एक सळई मुठीत धरून आकडे मोजत होते. वैशाखातली सकाळ, दहाचा सुमार. बालाघाटच्या बाहेर एका टेकाडावर पाण्याची उंच टाकी उभी राहत होती आणि मी तिथे नवाकोरा ओव्हरसियर म्हणून रुजू झालो होतो. अंगात इस्त्रीचा शर्ट, खिशात फूटपट्टी आणि डोक्यात असा समज, की टाकी आता माझ्यामुळेच उभी राहणार.

"सोळा... सतरा..." मोजताना त्यांचा चेहरा वाकडा होत गेला आणि अठराला त्यांनी सळई टाकून दिली. मग वर तोंड करून ओरडले, "उतरा रे! उतरा बापा हो!" बांबू-बल्ल्यांच्या परांचीवरून वीसेक माणसं भराभर खाली आली आणि भिंतीच्या सावलीत जाऊन बसली.

मी घड्याळ दाखवत विचारलं, "मुकादम, काय झालं?"

"काही नाही झालं, बाबू," ते हात झटकत म्हणाले. "व्हाच्या पह्यलेच उतरवलं."

त्यांचा नियम असा, की उन्हात पडलेली सळई वीस आकड्यांपर्यंत हातात धरवली तर काम चालू. धरवली नाही तर सगळे खाली, ते उन्हं उतरेपर्यंत. पहाटे पाचला ते काम सुरू करत आणि संध्याकाळी पुन्हा अंधार पडेपर्यंत चालवत. तास तेवढेच भरत, पण मधली दुपार रिकामी दिसली की ठेकेदाराच्या पोटात दुखायचं. एकदा मोठे साहेब पाहणीला आले, तेही भर दुपारी, डोक्यावर हॅट घालून. वर कोणी दिसेना तेव्हा ते मुकादमांवर घसरले. मुकादमांनी सगळं ऐकून घेतलं आणि नम्रपणे एक सळई पुढं केली. "साहेब, जरा धरता काय? मी धोतर नीट करतो." साहेबांनी धरली आणि चार आकड्यांच्या आत टाकली. त्यानंतर दुपारच्या कामाचा विषय त्यांनी काढला नाही.

"उतरा" हा शब्द त्यांच्या तोंडून दिवसातून इतक्या वेळा निघे, की मजुरांनी त्यांचं नावच उतराबुवा ठेवलं होतं. परांचीच्या सगळ्यात उंच बल्लीला ते जुन्या लुगड्याची एक चिंधी बांधत. वाऱ्यानं ती आडवी झाली की उतरा. थंडीत म्हणे सकाळी बल्ल्या दवानं ओल्या असत, तेव्हा चढूच देत नसत. स्वतः धोतराच्या सोग्यानं पहिल्या चार बल्ल्या पुसायचे आणि हात फिरवून बघायचे. उपाशी आलेल्या माणसाला तर ते शिडीला हातही लावू देत नसत. कोपऱ्यात एका डेगचीत तांदळाची पेज असायची, मीठ आणि कांदा घातलेली. ती प्यायली की मगच वर. एका गवंड्यानं एकदा मिशी पुसत सांगितलं, की मी जेवून आलो. मुकादमांनी त्याला जीभ दाखवायला लावली. "कोरडी हाय. खोटं बोलून राह्यला लेका. बस अन् पी."

त्यांच्या पुतणीच्या लग्नाची गोष्ट तर सगळ्या पंचक्रोशीत सांगितली जायची. मांडवात वऱ्हाड बसलेलं, पंगत वाढलेली, आणि आभाळ आलं. हे उठले आणि नवरा-नवरीसकट सगळ्यांना शेजारच्या गोठ्यात नेऊन बसवलं. वरमाय नव्या लुगड्यानिशी शेणात. पाऊस आला तो तीन थेंब. वीज चमकलीसुद्धा नाही. नवरदेवाचा मामा पुढं भेटेल तिथं आभाळाकडे बोट करून विचारायचा, "काहो सोयरे, आज वीज कुठी पडते?" मुकादम कधी चिडले नाहीत. म्हणायचे, "हासून राह्यला ना? हासाले जिता हाय. बरं हाय."

मी मात्र चिडायचो. खरं सांगायचं तर मला त्यांची लाज वाटायची. उंच, वाळका, गुडघ्याच्या वर धोतर नेसलेला तो माणूस मान वर करून दिवसभर आभाळाशी तंटा करायचा आणि माझ्या कामाचा तक्ता मागं पडायचा. त्यात डावा कान बहिरा. ढग आले की जो दिसेल त्याला विचारायचे, "गडगडलं काय? खरं सांग, गडगडलं काय?" लोक मुद्दाम नाही म्हणायचे, मग ते त्यांचे डोळे बघायचे आणि तरीही उतरवायचे.

हट्ट्याजवळच्या एका वस्तीत त्यांचं घर होतं. अंगणात झाड म्हणून नाही. एक चांगला डेरेदार कडुनिंब होता, तो त्यांनी आपल्या हातानं तोडला. बायको उन्हाळाभर तापलेल्या मातीत भांडी घासायची आणि त्यांच्या नावानं बोटं मोडायची. आमच्या टेकाडावरही सिमेंटच्या कोठीपासून वीस पावलांवर एक जुना मोह होता. तोही ते तोडायला निघाले. पण मोहाच्या झाडाला कोण हात लावू देतो? फुलं वेचणाऱ्या बाया आडव्या आल्या. ठेकेदाराची खुर्ची त्याच्याच सावलीत असायची, त्यामुळे तोही आडवा आला. मुकादम कुऱ्हाड घेऊन बराच वेळ उभे राहिले आणि परत फिरले.

यामागचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही पेज पिता पिता, भाताच्या भावाबद्दल बोलावं तसं. बऱ्याच वर्षांपूर्वी वैनगंगेच्या पलीकडे कालव्याचं काम चालू होतं. तिथेही ते मुकादमच. जोराचं वादळ आलं. आडोसा म्हणून एकच पत्र्याची कोठी होती आणि तीत सिमेंट होतं. सिमेंट तेव्हा परमिटवर मिळायचं, महिना महिना वाट बघून. गोणपाटाच्या पोत्यांना ओल लागली की त्याचा दगड. त्यामुळे आमच्या सगळ्याच कामांवर न लिहिलेला कायदा होता: पाऊस आला की आधी सिमेंट छपराखाली, माणसं जिथं जागा मिळेल तिथं.

"मी कोठीले कुलूप लावलं," ते म्हणाले. "चावी कमरेले. अन् मानसाइले म्हटलं, जा बापा, आंब्याखाली जा. माही लहानी बहीनबी होती. ते गेली. मी मांगून चाललोच होतो."

पुढचं त्यांनी सांगितलं नाही. नुसता डाव्या कानाला हात लावला. बहिणीसकट तीन माणसं गेली होती, हे दुसऱ्यांकडून कळलं.

मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "देवाची मर्जी, मुकादम."

त्यांनी वाडगा खाली ठेवला. छप्पन साली दीक्षा घेतल्यापासून देवाचं नाव त्यांच्यासमोर काढलेलं चालत नसे, पण हा राग त्याहून जुना असावा. "मरजी गिरजी काही नाही. वीज आभाळाची असन, चावी मानसापाशी होती. माह्यापाशी होती." मग वाडगा परत उचलत, "एक पोतं नाही भिजलं, बाबू. साहेबानं माही पाठ थोपटली."

हे ऐकून मला वाईट वाटलं. पण वाईट वाटणं आणि शहाणपण येणं यांत फार अंतर असतं, निदान तेविसाव्या वर्षी.

त्याच वैशाखाच्या अखेरीस तीन आठवडे वाट पाहायला लावून सिमेंट आलं. आमची कोठी विटांची, वर पत्रे, आत फळ्यांवर पोत्यांची थप्पी छताला टेकलेली. ठेकेदारानं चावी माझ्या हातात दिली आणि बजावलं, "बाबूजी, ये सिमेंट नहीं, मेरी जान है. गीला आदमी अंदर नहीं जाएगा." मी मान डोलावली. मला विश्वासातला माणूस समजलं याचा मला अभिमानच वाटला.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी पश्चिमेकडून आभाळ भरून आलं. वरच्या कड्याचं काँक्रीट अर्ध्यावर होतं. असं काम मध्ये थांबवलं की सांधा राहतो आणि टाकी जन्मभर झिरपते, हे मी नुकतंच पुस्तकात शिकलो होतो. मुकादमांनी पुस्तक वाचलेलं नव्हतं. "उतरा! घमेली टाका, सळया टाका, उतरा!" पाच मिनिटांत परांची रिकामी झाली. पाऊस कोसळायला लागला होता. भिजलेली बावीस माणसं घेऊन ते कोठीच्या दाराशी आले. मी दारापुढे उभा होतो.

"बाबू, उघडा."

"मुकादम, सगळे ओले आहेत. आत कालच माल आलाय. थोडा वेळ झाडाखाली..."

त्यांच्या तोंडाकडे पाहूनच थांबलो. ते ओरडले नाहीत. बाजूला पडलेली पहार उचलली, मला हातानं हळूच दूर सारलं आणि दोन घावांत कोयंडा उखडला. "आत व्हा. भिताडाले टेकू नका. पाय जवळ घेऊन बसा." सगळी माणसं पोत्यांच्या मधल्या फटींत, पोत्यांना चिकटून बसली. बायांच्या लुगड्यांतून पाणी निथळत होतं. मी कोपऱ्यात उभा राहून कोणती पोती भिजतात ते बघत होतो.

पाऊण तास गारा पडल्या. वीज चमकली, गडगडली, लांब नदीकडे गेली. टेकाडावर काहीही झालं नाही.

सकाळी ठेकेदार आला. अर्धी थप्पी ओली झाली होती, खालची पोती आताच घट्ट लागत होती. तो मुकादमांना मोहाखाली घेऊन गेला. "बिजली गिरी? कहाँ गिरी? दिखाओ मेरे को."

"नाही पडली, मालक."

"फिर ताला काहे को तोड़ा?"

"पडली असती तं तुमाले दाखवाले कोन राह्यलं असतं?"

ठेकेदाराला हे उत्तर कळलं नाही. मलाही कळलं नाही असं मी दाखवलं. मला लेखी अहवाल द्यायला सांगितलं होतं. मी लिहिलं की मुकादमानं कुलूप फोडलं, सिमेंट भिजलं, काम अर्ध्यावर थांबलं, वीज पडली नाही. एकही शब्द खोटा नव्हता. इतके खरे कागद मी नंतरच्या नोकरीतही फार थोडे लिहिले असतील. मुकादम त्या दिवशीच कामावरून गेले.

जाण्याआधी ते माझ्याकडे आले. मी कागद चाळत बसल्याचं नाटक केलं. "बाबू, एक ध्यानात ठेवजा. पानी आलं की ह्या बाया घमेलं डोक्यावर पालथं घेतेत. लोखंड हाय ते. घेऊ देऊ नका. तेवढं तरी पाहा." मी म्हटलं, "पाहीन." बावीस माणसं त्यांच्यामुळे जिवंत होती की तशीही जिवंत राहिली असती, हे कोणालाच सांगता आलं नसतं. म्हणून त्यांना निरोप द्यायला कोणीच उठलं नाही. जे घडलंच नाही त्याचे उपकार कोण मानतो?

नवा मुकादम आला तो हसऱ्या तोंडाचा होता. विडी ओढायचा, गाणी म्हणायचा आणि पाऊस अंगावर आल्याशिवाय कोणाला उतरवत नसे. काम भराभर पुढं गेलं. मला बरं वाटलं. लुगड्याची चिंधी कधी गळून पडली तेही माझ्या लक्षात आलं नाही.

पोळा झाल्यावर काही रेजा नव्या आल्या. माती-सिमेंट वाहणाऱ्या बायांना आमच्याकडे रेजा म्हणतात. त्यांतली एक कटंगीकडची होती. मस्टरवर तिचा नंबर चार. भादव्यातल्या एका दुपारी पुन्हा तसंच आभाळ आलं. नव्या सिमेंटची थप्पी लागलेली होती. मी पाऊस बघत कोठीच्या दारात उभा होतो, कोरडा. कुलूप उघडं, दार उघडं. माणसं आपण होऊनच मोहाकडे पळाली. मला कोणी काही विचारलं नाही, कारण काय उत्तर येणार ते सगळ्यांना माहीत होतं. पण ती नवीन होती. तिला अजून माहीत नव्हतं. ती सगळ्यांच्या मागून आली, घमेलं डोक्यावर पालथं धरून, सरळ दाराकडे. दोन पावलांवर थांबली आणि माझ्याकडे बघायला लागली.

मला दिलेला शब्द आठवला. मी म्हणालो, "बाई, घमेलं टाक." तिनं लगेच टाकलं. मग मी हात केला आणि म्हणालो, "तिकडं जा, झाडाखाली."

ती गेली. तिथं पोचून तिनं पदर पिळला एवढं मला दिसलं. त्यानंतर सगळं पांढरं झालं आणि मी पोत्यांवर आपटलो. उठलो तेव्हा मोहाची एक बाजू सोलून निघाली होती. दोघं लांब फेकले गेले होते, ते जगले. ती बुंध्याशी होती.

ठेकेदार आला तो प्रथम कोठीत डोकावला. मग बाहेर येऊन डोळे पुसले. अश्रू खोटे नसावेत. अहवाल मीच लिहिला. आकाशातील वीज पडून मृत्यू. याही वेळी एक शब्द खोटा नव्हता.

आठ दिवसांनी मी हट्ट्याला गेलो. मुकादम त्या बोडक्या अंगणात बसून बांबूचे तट्टे विणत होते. मला पाहून त्यांनी बसायला पोतं टाकलं. मी सगळं सांगितलं, घमेल्याचंही सांगितलं. फक्त शेवटचं वाक्य गाळलं.

त्यांनी बांबूची कामटी सोलायला घेतली. मग विचारलं, "झाडाखाली कोनं पाठवलं?"

मी खाली बघितलं. त्यांना उत्तर मिळालं. मला वाटलं होतं, हा माणूस तरी मला समजून घेईल. त्याच्याच हातून तेच झालं होतं, म्हणून तर मी इतक्या लांब आलो होतो. कुठंतरी मला माफी हवी होती, आणि तीही फुकट.

"नाव काय होतं तिचं?" त्यांनी विचारलं.

मला नाव आठवेना. आठवणार कुठून, मी ते कधी विचारलंच नव्हतं. "मस्टरवर चार नंबर..." मी म्हणालो.

त्यांनी कामटी खाली टाकली. त्यांना इतकं रागावलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, कुलूप फोडतानाही नाही. "काहून आले मंग इथी? रडाले? माह्यापाशी? जा. तिच्या घरी जा. नाव इचारून या. मंग बसू आपन दोघं, जलमभर बसू." आणि ते उठून घरात निघून गेले. त्यांच्या बायकोनं मला पाणी दिलं. मी ते पिऊन निघालो. त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही. पुढल्याच उन्हाळ्यात ते गेल्याचं कळलं.

पण कटंगीला मी गेलो. बाजाराच्या दिवशी, तुमसरकडे जाणाऱ्या बसनं. विचारत विचारत एका धानाच्या बांध्यांमधल्या झोपडीपर्यंत पोचलो. तिची आई एकटीच होती, अंगणात धान वाळवत. मी टाकीच्या कामावरचा आहे म्हटल्यावर तिनं घाईघाईनं हात पुसले आणि खाट टाकली.

"माह्या भागरताच्या कामावरचे?" ती म्हणाली.

मी मान हलवली. मला नाव मिळालं होतं. आता उठून निघालो असतो तरी चाललं असतं.

म्हातारी माझ्यासमोर जमिनीवर बसली. "बाबू, मले कोनी काही सांगतच नाही. तिच्यापाशी कोनी होतं काय त्या टायमाले? का एकटीच होती माही पोर?"

"होते. सगळे होते."

"तिच्याशी कोनी बोललं काय? आखरीचं?"

"हौ," मी म्हणालो. "मी बोललो."

तिचे डोळे भरून आले. ती गुडघ्यांवर पुढं सरकली. "काय बोलले, बाबू?"

सांगायला मी तोंड उघडलं. ती किती आशेनं बघत होती ते मला आजही दिसतं. मी म्हणालो, "पाऊस लागत होता तिला. म्हटलं, पावसात उभी राहू नको, आडोशाला जा."

म्हातारीनं पदर तोंडाला लावला. "बरं झालं वं माय," ती स्वतःशीच म्हणाली. "कोनाले तरी कीव आली माह्या पोरीची." मग तिनं वाकून माझ्या पायांवर डोकं ठेवलं, आणि मी पाय मागं घेतले नाहीत.